टच कुणाचा होता?

जेवणाची घंटा झाली. सगळे डबे घेऊन बाहेर कडुलिंबाखाली गेले, तेव्हा मी चार नंबरच्या प्रेसजवळ मागे थांबलो. खिशात लाकडी खोक्याच्या फळीचे दोन तुकडे होते, सकाळी घरी चाकूनं तासून आणलेले. एक टोक जाड, एक पातळ. डाव्या बाजूच्या दोन बटणांत मी ते पाचरीसारखे बसवले आणि तळहातानं ठोकले, आवाज होणार नाही इतक्या बेतानं. मग इकडंतिकडं बघितलं. कुणी दिसलं नाही. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो आणि डबा उघडला. त्या दिवशी घेवड्याची भाजी होती. सतरा वर्षं झाली, पण भाजी कुठली होती ते विसरलेलो नाही.

चार नंबरवर दोघं समोरासमोर काम करायचे. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून चाळीस टनांचा भार खाली यायचा, तुकडा वाकून बाहेर. प्रत्येकापुढं दोन बटणं होती. चारही बटणं एकदम दाबली तरच भार खाली यायचा, म्हणजे त्या क्षणी चारही हात साच्याबाहेर असणार. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्याला माणसाच्या हातांची काळजी होती. मला त्या आठवड्यात फक्त सेकंद दिसत होते. डावीकडची दोन बटणं पाचर मारून दाबून ठेवली, की डावीकडच्या माणसाचे दोन्ही हात तुकडा ठेवायला आणि काढायला मोकळे. भार खाली आणायचं काम समोरचा एकटा करणार. स्टॉपवॉच लावून मी हिशेब केला होता. नऊ सेकंदांचं काम सहावर येत होतं.

स्टॉपवॉच माझ्याकडं कसं, तर मी मूळचा कारखान्यातला नव्हेच. मी कबड्डीचा माणूस. सांगलीत एका विनाअनुदानित शाळेत पीटी शिकवायचो. पगार नावापुरता. संध्याकाळी मंडळाची पोरं घेऊन मैदानावर, आणि खरा जीव तिथंच. पोरं मला मगदूम सर म्हणायची, माझ्यामागं काय म्हणायची ते मला माहीत आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मंडळाचा एक नियम मी घालून दिला होता. चढाई करणाऱ्याचा हात लागला आणि पंचाला दिसला नाही, तरी ज्याला लागला त्यानं स्वतः हात वर करून बाहेर जायचं. सराव संपला की पोरांना गोल उभं करून मी विचारायचो, “आज टच कुणाचा होता?” एकेक हात वर व्हायचा. जो कबूल करेल त्याला कुणी हसायचं नाही, मीसुद्धा रागवायचं नाही. सुरुवातीला पोरं चाचरायची. सहा महिन्यांत इतकी सवय झाली, की कधीकधी न लागलेल्याचाही हात वर यायचा.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात दोन्हीकडं गुण सारखे आणि शेवटची चढाई समोरच्यांची. त्यांचा गडी आला, नाचला, हात न लावताच परत गेला. निदान सगळ्यांना तसंच वाटलं. पंचानं शिट्टी वाजवली, जादा डाव होणार, आमची पोरं पाणी प्यायला वळली. आणि आमच्या उजव्या कोपऱ्यातला जालिंदर ऐवळे हात वर करून उभा. एकोणीस वर्षांचं पोरगं, काळंसावळं, अंगानं काटक. “माझ्या चड्डीला बोट लागलं,” असं पंचाला सांगून तो रेषेबाहेर चालत गेला. एका गुणानं आम्ही हरलो. मी धावत जाऊन त्याला खांद्यावर घेतला आणि सगळ्या मैदानाला फेरी मारली. जिंकलेल्यांकडं कुणी बघेना.

बक्षीस द्यायला कित्तूरकर साहेब आले होते. एमआयडीसीत त्यांचा पत्र्याचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मगदूम, पोरांना तुम्ही हे कसं शिकवलंत? मला कारखान्यात अशीच माणसं पाहिजेत. येता का?”

मी गेलो. जालिंदरला बरोबर घेऊन गेलो, त्याचा जोडीदार रफिक नदाफलाही. दोघं एकाच गल्लीतले, घरं समोरासमोर, कबड्डीत डावा कोपरा रफिकचा. थोडक्यात, मला पाळीच्या सुपरवायझरची जी खुर्ची मिळाली ती जालिंदरच्या वर केलेल्या हातामुळं मिळाली. हे मला तेव्हाही कळत होतं, पण तेव्हा त्यात फक्त कौतुक होतं.

कारखान्यातले जुने लोक मला पीटी मास्तर म्हणून चिडवत. चार महिन्यांत चिडवायचे थांबले. मशीनमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. दमलेला माणूस तोंड हसरं ठेवू शकतो, पाय ठेवू शकत नाही, म्हणून मी लोकांच्या पायांकडं बघायचो. पाय जड पडायला लागले की त्याला मशीनवरून उठवून हलक्या कामावर घालायचो, त्यानं मागायच्या आधीच. चूक झाली तर ओरडायचं नाही, जवळ जाऊन नावानं हाक मारायची. पाळी सुरू होताना सगळ्यांना गोल उभं करायचं. पाळी संपताना विचारायचं, “आज टच कुणाचा होता?” ज्यानं माल बिघडवला असेल तो हात वर करायचा, आणि का बिघडला ते आम्ही सगळे मिळून बघायचो. खराब मालाचं प्रमाण निम्म्यावर आलं. कित्तूरकर साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि मला दाखवायचे, जत्रेत बैल दाखवावा तसा.

मग त्यांनी दोन पाळ्यांत शर्यत लावली. मोठी ऑर्डर होती, शनिवारपर्यंत जास्त तुकडे जिच्या नावावर तिला ढाल. मला शर्यत म्हटल्यावर काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. गुरुवारी सकाळी आम्ही चारशे तुकड्यांनी मागं होतो. जालिंदरला पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कायम करायचं ठरलं होतं. माझी पाळी जिंकली तर त्याच्या कागदावर सही व्हायला कुणी आडवं येणार नाही, असंही मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला हरायचं नव्हतं.

जेवण करून लोक परत आले. जालिंदर आधीच येऊन उजव्या बाजूला उभा होता. रफिक डावीकडं आला आणि पाचरी बघून थबकला.

“आयला, हे कुणी केलं? तू लावलास काय रं?”

“चालू कर की,” जालिंदर म्हणाला.

“अरे पण लावलं कुणी?”

“कर चालू. येळ चाललाय.”

जालिंदरनं एकदा माझ्या टेबलाकडं बघितलं. मी स्टॉपवॉचची किल्ली द्यायला लागलो. त्याला किल्ली नव्हती, बॅटरीवर चालायचं ते.

त्या दिवशी तीनशे तुकडे भरून निघाले, आणि शुक्रवारी आम्ही पुढं गेलो. रफिक तर खूशच होता, हात मोकळे झाल्यामुळं गाणी म्हणायला लागला. शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला एक तुकडा साच्यात तिरका अडकला. रफिकनं तो सरळ करायला उजवा हात आत घातला. गेल्या दोन दिवसांत दोघांचा ताल इतका पक्का बसला होता, की जालिंदरनं त्या तालावर बटणं दाबली.

आवाज नेहमीसारखाच झाला. एवढं सगळं घडलं आणि मशीनचा आवाज नेहमीसारखाच, ह्याचं मला अजून नवल वाटतं. मग रफिक ओरडला.

माझ्याच पंच्यानं मी त्याचा हात बांधला. साहेबांच्या गाडीत घालून मिरजेला नेला. वाटेत तो मला विचारत होता, “सर, बोटं हायत का? सर, बघा की.” मी म्हणालो, हाय, हाय. तीन बोटं नव्हती.

सोमवारी सकाळी कित्तूरकर साहेब प्रेसजवळ आले. हातात दोन्ही पाचरी. आमच्या पाळीची सगळी पोरं उभी. साहेबांचा चेहरा उतरला होता, रागापेक्षा भीतीच जास्त. म्हणाले, “मगदूम, मी पोलिसांसारखं विचारणार नाही. पोरं तुमची आहेत. तुम्ही तुमच्या पद्धतीनं विचारा.”

मी सवयीनं सगळ्यांना गोल उभं केलं. स्वतः मध्ये उभा राहिलो. आणि सरावानंतर ज्या आवाजात विचारायचो, त्याच आवाजात विचारलं.

“टच कुणाचा होता?”

कुणी हललं नाही. बाहेर कुणीतरी पत्र्याच्या शीट उतरवत होतं. विचारताना मला उत्तर माहीत होतं. माझा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि तो मला इतका जड झाला होता, की वर करायचा म्हटलं असतं तरी झाला असता की नाही देव जाणे. असं मी पुढं अनेकदा स्वतःला सांगितलं. हात जड वगैरे काही नव्हता. मी तो वर केला नाही, एवढंच.

जालिंदर माझ्याकडं बघत होता. बराच वेळ. मी फरशीकडं बघितलं. मग त्यानं हात वर केला.

“बटण मी दाबलं, साहेब,” तो म्हणाला.

“आणि ह्या पाचरी?” साहेबांनी विचारलं.

 त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी वाक्य बोललोसुद्धा, पण ते असं, “जाऊ द्या साहेब, पोरगं कबूल झालंय. आता त्याला अजून काय विचारायचं? पोलिसांत देऊ नका, माझा शब्द राखा.”

त्याची बाजू घेतल्यासारखं बोललो आणि प्रश्नच मिटवून टाकला. हे मी इतक्या सफाईनं कसं केलं, ह्याचा विचार करतो तेव्हा माझी मलाच शिसारी येते. खेळाडू बाहेर काढताना त्याला अपमान वाटू नये म्हणून असंच बोलायला मी शिकलो होतो. तेच कामाला आलं.

साहेबांनी माझा शब्द राखला. पोलिसांत दिलं नाही, त्याच दिवशी कामावरून काढलं. सगळे म्हणाले, मगदूम सरांमुळं वाचला. जालिंदर डबा घेऊन फाटकाकडं गेला. मला फक्त “येतो सर” म्हणाला. एक तारखेला तीन दिवस बाकी होते.

रफिकला फाटकावर वॉचमन म्हणून मीच लावून घेतला, साहेबांकडं चार वेळा खेटे घालून. तोही उपकार माझ्या खात्यात जमा झाला. पुढं मी मॅनेजर झालो. निवृत्त झाल्यावर निराळाच उद्योग सुरू झाला. कॉलेजं, रोटरी, सहकारी संस्थांचे मेळावे, सगळीकडून बोलावणी. विषय एकच, मैदानावर शिकलेलं कारखान्यात, घरात, गावात कसं उपयोगी पडतं. मी चांगला बोलतो. पायांकडं बघायची गोष्ट सांगतो, गोल उभं करायची सांगतो. एका पतसंस्थेनं तर ती पद्धत आपल्याकडं सुरू केली, एका सरपंच बाईंनी ग्रामसभेत सगळ्यांना गोल बसवायला सुरुवात केली. हे सगळं खरंच उपयोगी आहे, त्यात खोटं काही नाही. आणि शेवटी मी जालिंदरची गोष्ट सांगायचो. आधी सामन्यातली. आणि मग, काय सांगू, कारखान्यातलीही सांगायचो. नाव बदलून. “अपघात झाला तेव्हा सगळे गप्प होते, पण माझ्या मुलानं हात वर केला. नोकरी गेली तरी चालेल म्हणाला. हा संस्कार मैदानाचा!” टाळ्या पडायच्या. पंधरा-वीस ठिकाणी तरी सांगितली असेल.

दोन वर्षांपूर्वी इस्लामपूरकडच्या एका कॉलेजात ती गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“सर, त्या मुलाचं पुढं काय झालं?”

“चांगलं चाललंय त्याचं,” मी म्हणालो.

“काय करतात ते आता?”

मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत मी एकदाही त्याच्या गल्लीत गेलो नव्हतो, आणि माझ्या घरापासून ती गल्ली दहा मिनिटांवर. मी काहीतरी बोललो. ती मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला. तो नारळ मी गाडीतच ठेवून दिला, घरात न्यायला नको वाटलं.

पुढच्याच रविवारी सकाळी स्कूटर काढून गेलो. जालिंदर दारातच बसला होता. आता चाळिशीकडं झुकलेला, कानाजवळचे केस पांढरे. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करतो, हे त्याच्या हातांवरूनच कळलं. नखांच्या कडा पिवळ्या, धुऊन न जाणाऱ्या. मला बघून तो उठला.

“या सर. बसा.”

त्यानं आतून स्टूल आणलं. स्वतः पायरीवर बसला. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना कबड्डी शिकवतो म्हणाला.  मी दोनदा खाकरलो आणि मग एकदाचं सांगून टाकलं.

“जालिंदर, त्या पाचरी मी लावल्या होत्या.”

“म्हाईत हाय की सर.”

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

“म्हाईत हाय वो,” तो म्हणाला. “चटणीची पुडी कपाटात राहिलेली म्हणून मी परत आलो हुतो. तुम्ही तळहातानं ठोकत हुता. पाठमोरं हुता, म्हणून मी दिसलो न्हाई तुमास्नी.”

“मग तू हात का वर केलास?”

“लगीच कुठं केला? थांबलो की. तुम्ही इचारलासा, तवा म्हटलं आता सर सवताचा हात वर करत्यात. मला खात्रीच हुती. मी मनातल्या मनात आकडं मोजायला लागलो, चढाईचं तीस सेकंद मोजतोय तसं. तीसपतोर मोजलं.” तो थोडा हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं. “तीस झालं. मग कुणाचा तरी वर व्हायाच पायजे हुता. आन बटण तर मीच दाबलेलं.”

“साहेबांनी पाचरीचं विचारलं तेव्हा तरी सांगायचंस.”

“सांगणार हुतो. तुमच्याकडं बघितलं. तवर तुम्हीच बोलला की, अजून काय इचारायचं म्हणून.”

 माझं चुकलं म्हणालो. मला माफ कर म्हणालो. तो पिवळी नखं एकमेकांवर घासत ऐकत होता. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं, मला आधार मिळाला असता.

“रफिकला सांगितलासा?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलाय? मला ह्यातलं नवीन काय हाय?”

“तू कधी त्याला...”

“मी सांगून त्यो ऐकंल व्हय? समद्यांच्या देखत हात मीच वर केलेला. दवाखान्यात भेटाय गेलो, तर त्यानं तोंड फिरवलं. तवापासनं बोलत न्हाई. पंधरा वर्सं.” त्यानं हनुवटीनं समोरचं दार दाखवलं. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातलं भांडं वाजलेलं इकडं ऐकू येत होतं. “रोज सकाळी दार उघडलं की त्यो दिसतोय मला, आन त्याला मी. तुमी आपलं माझ्याकडं येऊन मोकळं व्हायला बघताय, सर.”

तो उठून आत गेला. स्टुलावर मी एकटा. आता स्कूटरला किक मारून घरी जाणं काही अवघड नव्हतं. मी किल्ली बाहेर काढलीसुद्धा. मग ती तशीच मुठीत धरून गल्ली ओलांडली. आठ-दहा पावलं असतील.

रफिक मला बघून धावतच बाहेर आला.

“सर! अवो या, या! शमीम, बघ कोण आलंय. आमचं सर! चहा टाक, आलं घालून.” त्यानं खुर्ची आणली, दोन बोटांच्या उजव्या हातानं बनियननं पुसली. त्याची बायको डोक्यावर पदर घेत दारात आली, नमस्कार केला. “ह्यांच्यामुळं आपलं घर चाललं बघ,” रफिक तिला म्हणाला. “सरांनी वॉचमनची नोकरी दिली नसती तर मी भीक मागितली असती. आन ज्यानं माझा हात घालवला, त्याला सुदिक पोलिसांपासनं वाचवला ह्यांनी. असलं मन हाय ह्यांचं.”

शमीम चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं स्टुलावर ठेवला, बशीत दोन बिस्किटं. ती दारापाशीच थांबली, पाहुण्यांचं कौतुक ऐकायला.

मी चहाला हात न लावता सांगितलं. सगळं, फळी तासल्यापासून. मध्ये कुठं थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं बोललो नसतो. जालिंदरनं मला ठोकताना बघितलं होतं आणि तरी माझं नाव घेतलं नाही, हेही सांगितलं. रफिकचा चेहरा मी बघितला नाही. सवयीनं त्याच्या पायांकडं बघत होतो. ते अनवाणी होते आणि हलत नव्हते.

 मग त्यानं विचारलं, “मी त्याला इचारलेलं, तू लावलास काय म्हणून. त्यो न्हाई का म्हणाला न्हाई?”

“माझं नाव सांगायला लागलं असतं.”

“व्हय.” त्यानं मान हलवली.  “सर, माझी अम्मी तंबाखूच्या वखारीत जायाची. मला दिवसभर त्याच्या आईनं सांभाळलेलं. तिच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालो मी.”

मी मुठीतली किल्ली खिशात ठेवली.

“सहा वर्साखाली मेली ती,” रफिक म्हणाला. “समोरनं उचलली. मी हितं दारात हुभा हुतो. खांदा द्यायला गेलो न्हाई. जालिंदर माझ्याकडं बघत हुता, खांद्यावर तिरडी घिऊन. मी दार लावून घेतलं.”

त्याचा आवाज चढला नाही. तो उठला, चपला न घालता गल्ली ओलांडून समोरच्या दारात गेला.  मग त्यानं त्या दोन बोटांनी कडी वाजवली. दार उघडलं. दोघं उंबऱ्याच्या अलीकडं पलीकडं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, एवढी अरुंद गल्ली असून. जालिंदरनं त्याचा हात धरून त्याला आत घेतलं, एवढं दिसलं.

मला कुणी बोलावलं नाही. मी खुर्चीवर बसून राहिलो. शमीम दारातून पुढं आली. माझ्याकडं न बघता तिनं स्टुलावरचा कप आणि बिस्किटांची बशी उचलली आणि आत घेऊन गेली. मी चहाचा एक घोटसुद्धा घेतला नव्हता.